नारळ फोडलेला झुला

बाबा, आज मला तुझा पुन्हा राग आला, आणि खरं सांगायचं तर नातीचा हेवाही वाटला. आनंद झालाच, पण तो मागून आला. आपल्या गावची मंडई होती, दिवाळीनंतर जत्रा भरते तीच. आता तिथं मोमोही विकतात, उकडलेल्या करंज्यांसारखे असतात, मला नाही आवडले. तर यंदा विजेवर फिरणारा मोठा झुला आला होता. माझी नात पोलिसात लागली, हे तुला कुठून माहीत असणार? बंदोबस्ताला तीच होती. मी फुटाणे खात तिला पाहत होती. उभी राहते अगदी माझ्यासारखी, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणते.

झुल्याचा एक पाळणा वर जाताना कडकड वाजून तिरपा होऊन राहिला होता. नातीनं झुला थांबवला, पोरं उतरवली आणि मालकाला तपासणीचा दाखला मागितला. तो हसत म्हणाला, "मॅडम, सकाळीच नारळ फोडला ना. निंबूही बांधला."

बाबा, माझा घास तोंडातच राहिला. हे तर तुझंच बोलणं. तुझा तो चार पाळण्यांचा लाकडी झुला, हातानं फिरवायचा. मी फ्रॉकातली पोर, तुला सांगून राहिली की या पाळण्याची खुंटी हालते. तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "नारळ फोडला ना वो. तुले काऊन पंचाईत? पोरीच्या जातीनं चूप बसावं." दुपारी खुंटी निसटली. शेजारची पोरगी पडली, तिचा हात मोडला. तू तिला उचलून वैद्याकडे पळाला, मग बरेच दिवस तिच्यासाठी जिलेबी नेत होता. मला तिचाही हेवा वाटायचा. माझं बरोबर निघालं, एवढं मात्र तू कधी बोलला नाही.

आणि ही पोरगी! आवाजही चढवत नाही. "नारळ देवाले फोडला, भाऊ. नटबोल्ट कोणं पाहिले?" एवढंच म्हणते. ठाणेदार आले, झुल्याला सील लागलं, लोकांचा जीव धोक्यात घातला म्हणून मालकावर गुन्हा दाखल झाला. पिकल्या केसांची माणसंही तिला मॅडम म्हणत होती. माझ्या पोटात जळत होतं बघ. मी वेगळं काय बोलली होती? तिच्या अंगावर वर्दी होती, एवढंच.

घरी येताना तिनं माझ्या फुटाण्यांत हात घातला. म्हणाली, "आजी, मी पाहाच्या आधी तूच त्या पाळण्याकडे काऊन पाहून राहिली होती?" मग मी तिला तुझा झुला सांगितला, खुंटीपर्यंत सगळा. तिथं ती थांबली.

"मंग? तुह्या बाबानं आयकलं?"

"आयकलं ना. सगळ्यायसमोर म्हणे, माही पोरगी बराबर बोलली."

ती इतकी खूश झाली की माझं जळणं तिथंच विझलं. हा कागद पाठवायचा तरी कुठं, म्हणून उशीखाली ठेवते. खोटं बोलली मी, बाबा. तिथं वर कुणी विचारलंच, तर तूही हो म्हणजो.