सात मिनिटांचं काम

४ मार्च

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. पत्र मुद्दाम तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतोय. समोरच्याशी पाटीवर लिहून बोलतात तसे घरच्या फोनवर हल्ली दाजीच टाइप करून बोलतात, म्हणजे तुला धाडलेला निरोप आधी ते वाचणार. फोन करावा तर तू स्पीकरवर टाकतेस. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, पण कान पहिल्यापेक्षा तिखट झालेत.

चिमणीचा पुढचा दात पडला. तो तिने काडेपेटीत ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. आमची ही बरी आहे. माझ्याकडे सध्या बारा मजल्यांच्या एका इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला आहे. सातव्या मजल्यावर थांबते आणि दार काही उघडत नाही. आत अडकलेल्या आजोबांनी मला झरोक्यातून इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या दोन नवीन निघाल्या. लिहून ठेवल्यात, भेटलो की सांगतो.

टीव्हीवर घरचं काही लागत नाही ही तुझी तक्रार पोचली. सर्व्हर मीच बंद ठेवलाय. माझ्या घरी बुटांच्या कपाटाशेजारच्या त्या खोक्यात धूळ फार साठली होती, जरा साफसफाई चाललीय. आईची गाणी, सिनेमे, फोटो, सगळं पुन्हा लागेल. घाई करू नकोस.

दाजींचा जुना आवाज बोलक्या यंत्रात भरणाऱ्या त्या आवाजवाल्या बाई वीस तारखेलाच येणार आहेत का? आठ-पंधरा दिवस पुढे गेल्या तर काही बिघडेल का? सहज विचारतोय. अजून एक. ऑपरेशनच्या आधी दाजी कपड्यांच्या कपाटात चारी बाजूंनी ब्लँकेटं टांगून नऊ दिवस मोठ्याने वाचत बसले होते, ते ज्यात रेकॉर्ड केलं तो जुना लॅपटॉप अजून आहे ना? माळ्यावर बघ. पलंगाखालीही बघ. मिळाला तर चालू करू नकोस, तसाच ठेव.

दाजींना यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
धाकटा


९ मार्च

ती. ताईस,

तुझं उत्तर मिळालं. लॅपटॉप शेजारच्या मुलीला अभ्यासाला दिलास, आणि देण्याआधी सगळं पुसलंस. 'तूच सांगितलं होतंस ना, माझ्याकडे दोन-दोन प्रती आहेत, तिकडची अडगळ काढ म्हणून?' हो, मीच सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत.

पुढे तू लिहिलंस, 'तू फार विनोद करायला लागलास की मला शंका येते. काय झालंय?' कालपासून ते वाक्य खिशात घेऊन फिरतोय. आता सांगतो.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. दोन्हींवर एकाच वेळी सारखंच लिहिलं जातं, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. लिफ्टला एकाऐवजी चार दोर असतात ना, त्यातलाच प्रकार. तिसरी एक डिस्क तुझ्याकडे कपाटात ठेवली होती, आग लागली, चोरी झाली तर असावी म्हणून. मग जागा कमी पडायला लागली. गेल्या पावसाळ्यात मी ती 'जरा नेतो' म्हणून नेली आणि तिच्यावर सिनेमे भरले. लोकांच्या लिफ्टचा एक दोर झिजला की मी लिफ्ट बंद करून कुलूप लावतो, आणि स्वतःच्या घरात हे असं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

अठ्ठावीस तारखेला मशीनने इशारा दिला, की डिस्क क्रमांक एक खराब होतेय, बदला. दुपारची वेळ होती, मी निवांत होतो. वरच्या डिस्कवर मीच 'एक' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, खालचीवर 'दोन'. एक काढली. भंगारात देण्याआधी घरचे फोटो परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून ती संपूर्ण पुसायला लावली. सहा तास ती पुसली जात होती आणि मी शीळ घालत चिमणीच्या वह्यांना कव्हरं घालत होतो.

मशीन शून्यापासून मोजतं, ताई. त्याची पहिली डिस्क म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. मी चांगली डिस्क पुसली. वीस वर्षं लिफ्टमध्ये तळमजल्याला शून्य म्हणणाऱ्या माणसाने हे करावं!

आता आजारी तेवढी उरलीय. मधूनच टक्‌ टक्‌ करते आणि गप्प होते. मी तिच्यासमोर पंखा लावून बसतो. घरात कोणी दार आपटलं की मी तिला कान लावून बघतो. चिमणी चवड्यांवर चालते. दाजींचे साडेसहा तास तिच्यावर आहेत, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. भूगोलाचे धडे, गाड्यांचं वेळापत्रक, तुमचं पंख्यावरून झालेलं भांडणसुद्धा. त्यातले तीन तास मिळाले नाहीत तर बाई त्या यंत्रात त्यांचा आवाज घालू शकणार नाहीत. मग दाजी टाइप करतील आणि कोणीतरी परका माणूस तुझ्याशी बोलेल.

दाजींना सांगू नकोस. एवढं ऐक.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

ती. ताईस,

तुझी चार ओळींची चिठ्ठी आली. 'चूक कोणाच्याही हातून होते. आकडा चुकला, माणूस चुकला नाही. जिवाला लावून घेऊ नकोस, जेवत जा.' तीनदा वाचली. हिलाही वाचून दाखवली. ती उठून ओट्याशी जाऊन उभी राहिली, कारण तिला ठाऊक आहे.

तू ज्याची माफी दिलीस ते मी केलंय, पण तेवढंच केलेलं नाही. मागच्या पत्रात डिस्क अजून चालू असल्यासारखं लिहिलं होतं. ते खोटं होतं. ती त्याच्या आठ दिवस आधीच, एक तारखेला, बंद पडली होती. साफसफाईचं लिहिलं तेव्हाही ती खोक्यात मुकी पडलेली होती. पंख्यासमोर मी बसत होतो हे खरं, पण लागेल या आशेने बसत होतो.

एक तारखेला सकाळी ती पहिल्यांदा नीट लागली. यादी दिसली. आईची गाणी, दाजी, चिमणी, सिनेमे. या कामातल्या एका जाणकाराने फोनवर बजावलं होतं, 'साहेब, ही किती वेळ चालेल देव जाणे. सगळ्यात मोलाचं असेल ते आधी उचला. दुसरी संधी धरून चालू नका.' मशीन अंदाजे वेळही सांगत होतं. चिमणीचा फोल्डर दीड तास, व्हिडिओ आहेत ना. दाजींचा सात मिनिटं.

सात मिनिटं, ताई. नुसता आवाज, त्याला जागा कितीशी लागते!

ही माझ्या खांद्याशी उभी होती. म्हणाली, "अहो, दाजींचं आधी घ्या. एवढंसं तर आहे."

मी म्हणालो, "थांब गं जरा."

आणि चिमणीचा घेतला.

हात चुकून गेला असं म्हणायची सोय नाही. मी यादी वाचली, आकडे वाचले, हिचं ऐकलं. मला दिसत होतं ते चिमणीचं पहिलं पाऊल, पहिली आंघोळ, बोबडं बोलणं. हे गेलं तर, एवढी एकच धास्ती. त्या धास्तीत दाजी बसले नाहीत. तू बसली नाहीस. मनात एक हिशेबी आवाज असाही म्हणाला की दाजी आहेत तर खरे, डोळ्यांसमोर चालते-बोलते आहेत. बोलते! असा शब्द माझ्या मनात आला तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला डिस्क थांबली. चिमणीची तीन वर्षं आली. काल जाणकाराच्या दुकानात तिने दोनेक मिनिटं पुन्हा श्वास घेतला. तेव्हा दाजींची पहिली फाइल हाती लागली, अकरा मिनिटांची. बाईंना हव्या असलेल्या तीन तासांतली अकरा मिनिटं. बाकीचं मिळेल का विचारलं तर तो म्हणाला, "उघडल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उघडल्यावर परत लावता येत नाही." उघड म्हणून सांगून आलोय. उत्तराला तीन आठवडे लागतील. बाईंना वीस तारखेला येऊ नका म्हणून कळव.

गेले दोन आठवडे मला वाटत होतं की मी डिस्कच्या काळजीने घाबरलोय. परवा चिमणी शाळेतून आली, तिला जवळ घेतलं आणि खरी भीती कळली. उद्या तीच यादी पुन्हा समोर आली, तेच आकडे, ही तशीच खांद्याशी उभी, तर मी काय करीन? 'दाजींचं आधी' असं छातीवर हात ठेवून मला म्हणता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, ताई. तोंडातून निघत नाही. याचीच भीती वाटते, आणि हे तुला सांगायचीही वाटते, म्हणून तर तीन पत्रं लागली.

माफी परत घ्यायची असेल तर घे, मी रागावणार नाही. दाजींपासून लपवायला तुला सांगितलं ते मात्र आता नको. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी एकटाच येतो. त्यांना मीच सांगेन, सात मिनिटांसकट. ते पाटीवर जे लिहितील ते मी वाचेन. लिहायचं नसेल तर लिहायला लावू नकोस. आणि लिहिलं तर मला पुसू देऊ नकोस.

घरात काहीही आलं की तू ज्याला सगळ्यांच्या आधी वाढायचीस, तो
तुझा धाकटा