तुम्ही जोडलेला शेवट

आप्पा, तुमच्या ट्रंकेतली फिल्मची ती गुंडाळी मी येत्या रविवारी आमच्या मंडळाला देणार आहे. खरं तर तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तेव्हा विचारत नाही, सांगतो.

गावापासून दूर, इथं पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलच्या मागच्या गल्लीत, आम्ही पंधरा-वीस खानदेशी माणसं रविवारी दुपारी जमतो. जुने मराठी सिनेमे जसे बनले तसेच पुन्हा बघायला मिळावेत म्हणून कंपन्यांना पत्रं लिहितो, सह्या गोळा करतो. घरच्या बायका म्हणतात, घरातला पंखा दुरुस्त होत नाही अन् हे सिनेमे दुरुस्त करायला निघाले. सध्या आमचा झगडा, तुम्ही जत्रांतून सिनेमाचा तंबू फिरवायचात, त्यातल्या त्या भक्तीच्या सिनेमासाठी आहे. मोबाईलवर मिळतो त्यात शेवटी देवळाचं दार उघडतं आणि म्हाताऱ्या भक्ताला देव दिसतो. मुळात दार उघडतच नाही, म्हातारा पायरीवरच डोळे मिटतो, असं जुनी माणसं सांगतात. कंपनीनं कळवलं की आमची प्रत एका फिरत्या तंबूच्या प्रिंटवरून केली आहे, तीच मूळ. वेगळं काही असेल तर पुरावा दाखवा. ते पत्र मोठ्यानं वाचलं जात होतं तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो.

कारण दार कुणी उघडलं ते मला ठाऊक आहे. दहावीची परीक्षा देऊन मी घरी होतो. फिल्म चिकटवायचं द्रावण पेट घेतं म्हणून तुम्ही आईला चूल विझवायला लावलीत आणि स्वयंपाकघरात खिडकीच्या उजेडाला पाट मांडलात. अजून दिसतं: आई मळलेलं पीठ झाकून बसली आहे. सिनेमाच्या मध्यावर भक्ताला स्वप्न पडतं, त्यातलं दार उघडून झालेलं दर्शन तुम्ही ब्लेडनं काढता, शेवटचा तुकडा कापून बाजूला ठेवता आणि तिथं ते दर्शन चिकटवता. चिकटवण्याआधी दर्शनाचा तुकडा मी उचलायला गेलो तर म्हणालात, “हात धुऊन ये. देवाला असा शिवतोस?” हात धुऊन आलो आणि विचारलं, कापलं कशाला. तुम्ही वर न बघता म्हणालात, “मागच्या गावाला बाया नारळ घेऊन आल्या होत्या. तसेच घेऊन परत गेल्या.” सिनेमाच्या शेवटी पडद्यावर देव आला की समोर नारळ फोडायचा, ही आपल्याकडची रीतच होती. त्यानंतर दर जत्रेत तुमच्या पडद्यापुढं नारळ फुटले.

मागच्या रविवारी मी बोललो. आमची पत्रं लिहिणाऱ्या, मिलमध्ये कापडाच्या घड्या बघणाऱ्या घडीमास्तरांनी विचारलं, कापलं कुणी? वडिलांनी, म्हणालो. मग मास्तर म्हणाले, “म्हणजे इतके दिवस आम्ही शिव्या घालतोय तो तुझा बाप!” सगळे हसले, मीही हसलो. भेस्तानहून येणाऱ्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. नवी नवरी असताना तुमच्याच तंबूत त्यांनी नारळ फोडला होता. त्या म्हणाल्या, “देव उना व्हता. मी मन्हा डोयाघाई देखेल शे. तू त्याले आते परत कोंडशी का?”

आलेला, डोळ्यांनी पाहिलेला देव परत दाराआड कोंडायचा का? आठवडाभर कामावर, रंगाच्या वाफेत उभा राहून तेच डोक्यात होतं. तुमची दया मला कळते, आप्पा. पण दार बंद असतानाही जो पायरीवरून उठला नाही, त्याची भक्ती आपण कापली आणि ट्रंकेत बंद करून ठेवली. गुंडाळीला आता शिरक्यासारखा आंबूस वास येतो. आणखी थांबलो तर ती चिकटून जाईल, मग पुरावाही नाही आणि तो म्हाताराही नाही. म्हणून देणार. सोबतच्या कागदावर कापणारा म्हणून तुमचं नाव लिहिलं आहे. मास्तर म्हणाले, नाव गाळलं तरी चालेल. मी गाळलं नाही. मावशी रागावल्या तर त्यांच्या घरी जाऊन बसेन, ऐकून घेईन.

हे पत्र वहीतच राहील. एवढं मात्र मंडळात कुणाला सांगितलेलं नाही: सकाळी देवापुढं डोळे मिटले की मला जो दिसतो, तो तुम्ही चिकटवलेलाच.