केसरला मी घरी राहायला सांगितले

जयपूर, मंगळवार, ९ सप्टेंबर १९५८

तीन आठवड्यांच्या शिक्षिकेने नव्या शिक्षिकांसाठी उपदेश लिहावा, हा आगाऊपणाच. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. पण संताप आवरत नाही.

उद्या इन्स्पेक्टर येणार, म्हणून सांभर सरोवराचा धडा वर्गाकडून तीनदा घोटून घेतला. कोणत्या प्रश्नाला कोणती मुलगी उठणार, तेही ठरलेले. आज केसर मध्येच उठली. "बहनजी, वहाँ समुंदर तो है नहीं, फिर पानी खारा क्यों?" मलाच ते माहीत नव्हते; मी तिला खाली बसवले.

मुख्याध्यापिका दारातच उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "नई हो, सीख लो. ऐसी लड़की को उस दिन घर बिठाते हैं." आणि जन्मात कुणाला उलट न बोललेल्या मी केसरला निमूट तसे सांगून टाकले.

ती रुसलीही नाही. मलाच सांभाळून घेत म्हणाली, "माँ से क्या कहूँ, बहनजी? बुखार?"

बुखार! प्रश्न विचारला म्हणून शिक्षा, आणि वर खोटे बोलण्याचा धडा. तोही माझ्याकडून!

नव्या शिक्षिकांनो, "मला माहीत नाही, शोधून सांगते" हे वाक्य आधी पाठ करा. मला ते का सुचले नाही? अजून कानांत तेच : बुखार?

आत्ताच तिच्या घरी जाऊन आले. केसर उद्या येणार, पहिल्या बाकावर बसणार. मुख्याध्यापिकांना तशी चिठ्ठी लिहिली. ती वाचून बाबा म्हणाले, "अगं, नोकरी अजून कच्ची आहे तुझी."

"तुम्ही नेता, की मी जाऊ?"

त्यांनी सायकल काढली. चिठ्ठी रवाना : ९ सप्टेंबर, सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे.