अध्यक्षांचं नाक आणि गवताचं तेल

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून नियमित रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निदान इतक्यात नाही.

प्रकल्प: सुगंधी गवताची सामूहिक शेती. अकरा घरं, सगळ्यांची मिळून एक सलग जमीन, मधले बांध काढायचे. गवत कापायचं, वाफेवर तेल काढायचं, कंपनीला द्यायचं. कालच्या सभेत मी अध्यक्ष झालो. एकमताने. शिंप्याने हात वर केला नाही, पण त्याचा खांदा दुखतो.

पात्रता: साबणाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं. गावाला वाटतं, मी तिथे वास तयार करायचो. मी डिस्पॅचला होतो. खोक्यांवर पत्ते चिकटवायचे. पण खोक्यांत होतं काय? सुगंधच ना. मी खोटं बोललो नाही. कोणी नीट विचारलंच नाही.

५ फेब्रुवारी
दूध करपलं. मी शेजारीच बसून प्रकल्पाचा नकाशा काढत होतो. ही परसातून धावत आली, गॅस बंद केला, म्हणाली घरभर वास सुटलाय, तुम्ही होतात कुठे. मी म्हटलं, विचारात. विचारातच होतो. शिवाय सर्दी आहे. रिटायर झालो त्या वर्षी ताप आला होता, तेव्हापासून नाक जरा दमलंय. चार वर्षं म्हणजे काही फार नाही.

संकल्प: रोज वाफ घेणे.

११ फेब्रुवारी
वाफ राहून गेली.

वहिनींकडे गेलो. दादा गेल्यापासून त्यांची जमीन त्या एकट्याच कसतात. पाण्याजवळचा सगळ्यात चांगला तुकडा त्यांचाच, त्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. तिथे दादाने लावलेलं आलं आहे. दरवर्षी खणायचं, थोडं बेणं म्हणून ठेवायचं, पुन्हा तेच लावायचं. बेणं दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही म्हणे, एक हंगाम चुकला की संपलं. गावात सगळे सांगतात, असं तिखट आलं दुसरीकडे नाही. असेलही.

वहिनी तयार झाल्या. म्हणाल्या, भाऊजी, यातलं तुम्हाला कळतं, तुम्ही म्हणता म्हणजे बरोबर असेल. फक्त कडेच्या दोन ओळी आल्याला सोडा. मी सांगितलं, नियम म्हणजे नियम. सलग म्हणजे सलग. घरच्यांनाच सवलत दिली तर शिंपी मला सोलून काढेल. वहिनी उठून आत गेल्या. पटलं असावं.

२४ मार्च
लागवड सुरू. पहिलं रोप मी लावलं. फोटोसाठी पाच वेळा लावलं. उरलेली बाकीच्यांनी लावली, संध्याकाळपर्यंत. माझी कंबर धरली.

वहिनींनी आल्याचं बेणं परसात लावलंय, नाल्याच्या कडेला. दोनच ओळी. हौस असते एकेकाला.

९ मे
टाकी, बॉयलर आणि पाइप आले. शेड कुठे घालायची यावर सभा. पाणी हवं, सांडपाण्याला उतार हवा. फिटरने सगळं गाव पालथं घालून वहिनींचं परस दाखवलं. मी मंजुरी दिली.

१४ मे
शेडचा पाया खणला. नेमका आल्याच्या ओळींवर आला. कोंब फुटले होते, वीतभर. फिटर म्हणाला, साहेब, पाया हातभर सरकवू का, बाईंचं वाचेल. मी म्हटलं, नकाशावर एकदा रेघ मारली की मारली. विकासाला जागा लागते.

खणताना मजूर म्हणत होते, काय वास सुटलाय. मी मान डोलावली.

दुपारी वहिनींनी मोडलेलं आलं वेचून सगळ्यांना चहा केला. भरपूर आलं घातलं होतं म्हणे. मजुरांनी दोन दोन कप घेतले, फिटरच्या तर डोळ्यांत पाणी आलं. चहाचा रंग छान होता. साखर कमी वाटली. वहिनी स्वतः प्यायल्या नाहीत. मजेत असाव्यात, नाहीतर इतक्या जणांसाठी चूल कोण पेटवतं?

३ जून
तेल काढण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण. आमच्या गटाला जागा एकच. वहिनींनी विचारलं, टाकी माझ्या परसात आहे, तर मी जाऊ का. अध्यक्ष असताना सभासदाने जाणं बरं दिसत नाही. शिवाय त्यांना प्रवासाची सवय नाही. मला आहे.

८ जून
प्रशिक्षण उत्तम झालं.

पहिला दिवस: ग्रुप फोटो. मी मधे.

दुसरा दिवस: वासाची परीक्षा. कागदाच्या पाच पट्ट्या हुंगायला दिल्या. मी पाचही वेळा सांगितलं, "शुद्ध." परीक्षा घेणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नंतर कळलं, पाचवी पट्टी कोरी होती. असले पोरकट खेळ कशाला खेळतात?

तिसरा दिवस: तेल आणि पाणी वेगळं कसं करायचं. सर म्हणाले, काही तेलं अशी असतात की ती पाण्याच्या तळाशी बसतात. महत्त्वाचा मुद्दा कळला, म्हणून मी उठलो. शेडवरची पाटी रंगवायला टाकली होती, दुकान पाचला बंद होतं. पाटीत "अध्यक्ष" मोठ्या अक्षरांत बसलं. "सभासद" जरा दाटीवाटीने.

१६ ऑगस्ट
गवत कमरेच्या वर. लोक शेतात जाऊन पात चुरगाळतात, हुंगतात, डोळे मिटतात. मीही चुरगाळली, डोळे मिटले. बोट कापलं.

२७ ऑगस्ट, दुपार
ऐतिहासिक दिवस. पहिली भट्टी.

तपशील: टाकीत गवत कोंबून भरलं. बॉयलरची वाफ त्यातून गेली, थंड पाइपातून उतरली, आणि तेल-पाणी एकत्र मोठ्या डब्यात पडायला लागलं. या डब्याला दोन नळ. एक वर, एक खाली. एकातून तेल, एकातून पाणी. फिटरने विचारलं, कॅन कुठल्या नळाला लावू. मी म्हटलं, खालच्या. वरचा सोड नाल्यात.

वहिनी मधेच म्हणाल्या, भाजीवर तेलाचा तवंग वरच येतो, मग तेल वरच्या नळातून यायला हवं ना? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी शांतपणे सांगितलं की हे स्वयंपाकघर नाही, प्लांट आहे. प्रशिक्षण कोणी घेतलंय? वहिनी दोन पावलं मागे सरल्या. एकेकाला जागच्या जागी समजावलेलं बरं असतं.

कॅन भरले. पाण्यासारखं नितळ तेल. फिटर म्हणाला, नाल्यात काहीतरी पिवळं तरंगतंय. मी सांगितलं, तो मळ. गवताचा. मळ गेला म्हणून तर तेल नितळ.

मग सगळ्यांनी आग्रह केला, साहेब, तुम्ही बघा. झाकण उघडलं. दीर्घ श्वास घेतला. पाच मोजले. "शुद्ध," म्हटलं. टाळ्या. शिंप्यानेही वाजवल्या, खांदा दुखत असून.

३ सप्टेंबर
आठवडाभर भट्टी चालू. अकरा घरांची माणसं पाळीपाळीने राबतायत. नाल्याला सुद्धा सुगंध येतो म्हणतात. खालच्या आळीतली माणसं मुद्दाम नाल्याकाठी फिरायला येतात. डास गेले. कपडे धुणाऱ्या बायका म्हणतात, कपड्यांना चार दिवस वास राहतो. प्रकल्पाचे हे जादा फायदे. अहवालात घालणे.

वहिनी रोज नाल्याशी उभ्या राहून खाली बघतात. आज बोट बुडवून हुंगत होत्या. मी विचारलं, काय हरवलंय? म्हणाल्या, अजून ठरवतेय.

६ सप्टेंबर
शेवटचं गवत संपलं. सगळे कॅन कंपनीला रवाना. पत्ते मी स्वतः चिकटवले. हात अजून बसलेला आहे. एकही वाकडा नाही.

१८ सप्टेंबर
कंपनीचा माणूस येऊन गेला. तरुण, उद्धट. सभेत सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही पाठवलंय ते पाणी आहे. वासाचं पाणी. तेल कुठेय?

मी म्हटलं, पुन्हा तपासा. तो म्हणाला, तपासायचं काय त्यात? मग शेडमध्ये गेला, डबा बघितला, वरचा नळ बघितला, नळ जातो तो नाला बघितला, आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, तळाशी बसणारी तेलं वेगळी. हे गवत त्यातलं नाही. आणि बाकी जाऊ दे, निदान हुंगून तरी कळायला हवं होतं. कोणी हुंगलं नाही का?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे.

शिंपी म्हणाला, सगळ्यांची मेहनत पाण्यात गेली असं म्हणायचीही सोय नाही, कारण पाणी तेवढं कंपनीला गेलं. कोणी हसलं नाही. मलाच ते कळायला वेळ लागला.

१९ सप्टेंबर
दोष कोणाचा ते मांडून ठेवतो. फिटर: अनुभव कमी. सर: मुद्दे स्पष्ट सांगत नाहीत. डबा: नळांवर खुणा नाहीत. सभासद: आंधळा विश्वास. माझा दोष एवढाच की मी लोकांवर विश्वास ठेवला.

ही आज जेवताना म्हणाली, डॉक्टरला नाक दाखवूया. मी म्हटलं, नाकाचा काय संबंध? ती उठून गेली. ताट तसंच होतं.

२ ऑक्टोबर
गवत पुन्हा फुटलंय. मुळं शाबूत आहेत, पुढच्या महिन्यात दुसरी कापणी. या वेळी देखरेख अधिक कडक ठेवणार. राजीनामा देऊन पळणाऱ्यातला मी नाही.

कोणी राजीनामा मागितला नाही. कोणी घरीच येत नाही.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
वहिनी आल्या. बरोबर छोटी बाटली. म्हणाल्या, फिटरला घेऊन थोडं गवत कापून भट्टी लावली, नळ उलटे जोडले. हे बघा, बरोबर आलंय का.

मला बरं वाटलं. शेवटी माझ्याकडेच यावं लागलं. बाटली घेतली, डोळे मिटले, पाच मोजले. म्हटलं, "शुद्ध. मागच्यापेक्षा सरस."

वहिनींनी बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे साधं प्यायचं पाणी आहे."

ही दारात उभी होती. तिने मान खाली घातली. तिला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते विचारवलं नाही.

मी सर्दीचं सांगायला लागलो. वहिनींनी ऐकून घेतलं, पुरतं. त्या रागावल्या असत्या तर मला जमलं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वास येत नाही हे मला तेव्हा कळलं असतं, तर त्या दोन ओळींसाठी मी भांडले असते."

बाटली इथेच ठेवून गेल्या. पुन्हा हुंगून बघितली. मग आल्याचा तुकडा आणून कुस्करला, बाजारातला. मग कांदा. मग रॉकेलची चिंधी. काही नाही. कशालाच काही नाही.

वास येत नाही. चार वर्षं झाली. हे लिहून ठेवतो.

२२ ऑक्टोबर
वहिनींसाठी बेणं शोधायला बाहेर पडलो. दादाने कोणाकोणाला दिलं होतं, त्यांच्याकडे. एकाने लावलंच नव्हतं. एकाकडे कुजलं. तिसरी म्हातारी म्हणाली, ते होय, ते गेल्या वर्षीच संपलं, तुमच्या वहिनीकडे असेल बघा.

१५ नोव्हेंबर
सभा. टाकीचं काम वहिनी बघणार. अध्यक्षपद मी स्वेच्छेने सोडलं. "स्वेच्छेने" हा शब्द इतिवृत्तात घालायला सांगितलं होतं, कागद छोटा पडला म्हणे.

दुसरी कापणी सुरू आहे. तेल येतंय, पिवळं, वरच्या नळातून. नाला आता पूर्वीसारखा आहे. डास परत आले.

एकच अडचण. भट्टी उतरली की वाफाळलेलं गवत टाकीतून उपसायचं काम कोणी करेना. वासाने डोकं उठतं, गरगरतं, एकाला उलटी झाली. पाळ्या लावून बघितल्या, दोन दिवसांत सगळे टेकीला आले. कोण करणार यावर सगळ्यांनी एकमेकांची नावं सुचवली. मग वहिनी म्हणाल्या, भाऊजींना त्रास होणार नाही.

शिंप्याने विचारलं, का बरं? मी खाली बघत बसलो. आता सगळं निघणार.

वहिनी म्हणाल्या, त्यांना सवय आहे. साबणाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलीत.

सगळ्यांना पटलं.

१६ नोव्हेंबर
सकाळी सहा ते चार. सात वेळा टाकी उपसली. डोकं अजिबात दुखलं नाही. फिटर म्हणाला, कमाल आहे साहेब तुमची. मनापासून म्हणाला.

दुपारी शेताच्या कडेला बसून भाकरतुकडा खाल्ला. वहिनींनी कडेच्या दोन ओळींतलं गवत काढून टाकलंय, माती भुसभुशीत करून ठेवलीय. शिंपी विचारत होता, यात काय लावणार. त्या म्हणाल्या, काही नाही. राहू दे.

घरी आलो तर हिने दारातच थांबवलं. म्हणाली, अंगाला वास येतोय, आधी आंघोळ करा. कसा येतोय ते विचारणार होतो. तिने सांगितलं असतं. विचारलं नाही.

उद्या पुन्हा सहाला. फावडं घरचं आणायला सांगितलंय.