आईला सुट्टी

बाबा,

काल मानेसरच्या स्टुडिओत गाडीच्या बाजूच्या आरशाचा फोटो चालला होता. नवी असिस्टंट कॅमेऱ्यामागून म्हणाली, "मॅम, आगे थोड़ी जगह छोड़ूँ, या पूरा भर दूँ?" मी कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाले, "छुट्टी दे दो उसे." ती गांगरलीच. "किसे, मॅम? मुझे?" बिचारीला वाटलं, नोकरी गेली. मी मोठ्यांदा हसले आणि हसता हसताच थांबले. हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला ते आठवलं, आणि तुम्ही तेव्हा फोनवर काय सांगत होतात ते पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांनी, तुम्हीही गेल्यावर.

आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरसमोरचं मैदान. तुम्ही सरकारी खात्यातले फोटोग्राफर, आठवडाभर फिती कापणारे साहेब टिपायचात. "तिथं प्रत्येकाला मधोमध यायचं असतं आणि सगळी फ्रेम स्वतःलाच हवी असते," असं म्हणत रविवारी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवायचात. मला उकिडवं बसवून समोर बादली ठेवायचात आणि दाखवायचात, की खाली बसलं की घरातली बादलीसुद्धा लांबच्या पाण्याच्या टाकीएवढी होते. एकदा तुम्ही म्हणालात, "माणूस जिकडे बघतोय ना, तिकडे अवकाश ठेव." मी हिंदी शाळेतली. आमच्याकडे अवकाश म्हणजे सुट्टी, मे-जूनमधला तो ग्रीष्मावकाश. मी गंभीरपणे उत्तर दिलं, "बाबा, आज संडे आहे, अवकाशच आहे." तुम्ही पोट धरून हसलात. चूक सुधारायला मात्र बसला नाहीत. त्या दिवसापासून आपल्या घरात फोटोतल्या मोकळ्या जागेला सुट्टी हेच नाव पडलं. "गाईला सुट्टी दे, तिचं नाक कडेला आपटतंय." "आईला सुट्टी दे, किती दाटीत उभी केलीस तिला." आई कणीक मळता मळता आतून ओरडायची, "फोटोत तरी द्या रे कुणीतरी!"

तिचा तो फोटो तुम्ही काढलेला, मी जन्मायच्या आधी. ती डाव्या कडेला, अगदी लहानशी. मागे नव्या क्वार्टर्सच्या रांगा लांबवर निमुळत्या होत गेलेल्या आणि तिच्यापुढे नुसती मोकळी जमीन. त्या जमिनीवर खालच्या कोपऱ्यातून एक लांब सावली आलेली, कॅमेरा धरलेल्या तुमची. आई त्या सावलीकडे बघून हसतेय. कॉलेजात गेल्यावर मला फार कळायला लागलं होतं. "बाबा, फोटोग्राफरची सावली फोटोत येऊ देऊ नये, हे पहिल्याच क्लासला शिकवतात," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "अच्छा? मग मी कुठे उभा राहू?" ती मला नुसती थट्टा वाटली. सगळ्या घराचे फोटो काढणारा माणूस स्वतः कुठल्याच फोटोत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आई गेली तेव्हा तुम्ही गाझियाबादला आणि मी गुडगावात. तेराव्यासाठी मोठा फोटो करायचं मी अंगावर घेतलं आणि हाच निवडला, कारण इतकी मोकळी ती दुसऱ्या कुठल्या फोटोत नव्हती. तुमचा फोन आला. "फोटोचं चाललंय ना?" मी हो म्हटलं. मग म्हणालात, "आईला सुट्टी दे, बाळा." मला रडू कोसळलं. वाटलं, तुम्ही सांगताय की आता तिला जाऊ दे, अडकवून ठेवू नकोस. "देते, बाबा," म्हणाले आणि फोन ठेवला. फोटोची जुनी प्रिंट माझ्या ऑफिसातल्या स्कॅनरवर मावत नव्हती, म्हणून मी ती कटरखाली धरली, आई तेवढी ठेवली आणि उरलेली मोकळी पट्टी तुमच्या सावलीसकट कचऱ्यात टाकली. निगेटिव्ह तर क्वार्टर सोडतानाच हरवल्या होत्या. इवल्याशा चेहऱ्याचं एनलार्जमेंट केल्यावर हसू विरून गेलं आणि उरली ती मान खाली घातलेली एक बाई.

तुम्ही फ्रेम हातात घेतलीत, चष्मा पुसलात, पुन्हा बघितलंत. "छान झालाय," म्हणालात आणि हार घालायला खुर्ची ओढलीत. मी "देते" म्हणाले होते. म्हणजे तुम्हाला वाटलं असणार, तिच्यापुढची मोकळी जागा हिनं समजून-उमजून कापली. फार शरम वाटते, बाबा. शब्द माझाच, माझ्याच चुकीतून झालेला. तुम्ही तो म्हातारपणापर्यंत सांभाळलात आणि मी साफ विसरले.

कालचा आरसा शेवटी फ्रेम भरूनच काढला, गिऱ्हाइकाला तसाच हवा होता. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून राहिलेलंही लिहिते. तेराव्याला मावशीनं फोटोकडे बघत विचारलं होतं, "अगं, ही अशी मान खाली घालून का उभी?" आणि मी पटकन म्हटलं होतं, "बाबांनीच तसा काढलाय." तुम्ही बाहेर बाल्कनीत होतात, तुम्हाला ऐकू गेलं नसेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण तुम्ही तोवर दारात येऊन उभे होतात. पाठीमागे ऊन होतं आणि तुमची सावली फरशीवरून थेट माझ्या पायांपर्यंत आली होती. मी ती बघितली होती.