अक्कानं ग्रुप सोडला

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
कळंब, दि. ८ जानेवारी २०२५

ती. पार्वती अक्काच्या चरणी धाकट्या शंभुलिंगचे शरणार्थ वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण तुझा बंद फोन. रविवारी तू घरचा ग्रुप सोडलास, फेसबुकवरूनही गायब झालीस. ग्रुपवर नुसता कालवा चाललाय. सोलापूरच्या काकूंच्या मते माझ्या नातीच्या बारशाच्या फोटोंत तुझा एकही नव्हता म्हणून तू रुसलीस. तुझी भावजय शिवप्रिया तर मलाच दटावते, की तुम्हीच काहीतरी बोलला असाल अक्कांना. मी कशाला बोलू? रोज सकाळी न चुकता तुला हात जोडलेलं चित्र पाठवतो.

दाजी लिंगैक्य होऊन अजून वर्ष न्हाय झालं, घरात तू एकटी. जीव टांगणीला लागलाय. राग असंल तर शिव्या दे, पण कागदावर का होईना दे. आडतीवर तुरीची आवक सुरू झालीय, दुकानातून पाय निघत न्हाय.

उत्तराची वाट बघणारा,
शंभू

येडशी, दि. १३ जानेवारी २०२५

चि. शंभुलिंगास अ. उ. आशीर्वाद. शिवप्रियाला आठवण, नातीला पापा.

तम्मा, पत्र हातात पडलं आणि आधी हसूच आलं. चौथीत होतं तसंच आहे तुझं अक्षर, मुंग्या पळाल्यासारखं. रुसले न्हाय रे बाबा. काकूंना सांग, बारशाच्या जेवणात मीठ कमी होतं एवढीच माझी तक्रार.

तुझे दाजी गेले आणि घर खायला उठायचं. उत्कर्षनं आईसाठी म्हणून पुण्याहून नवा फोन आणून दिला. त्यांचा फोटो टाकला, दोनशे जणांनी श्रद्धांजली वाहिली, एकेकाला मी उत्तर दिलं. मग बघतच बसले. कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, कुणाची आमटी. दिवस कसा सरायचा, कळायचं न्हाय. यंदा येळ अमावस्येला शेतात भज्जी-अंबिलाचे फोटो टाकण्यात माझं जेवायचंच राहिलं.

त्या रविवारी सकाळी पूजेला बसले. इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेतलं, नजर लावली, आणि उजव्या हाताचं बोट आपसूक लिंगावरून वर सरकलं. फोनवर सरकवते तसं! पुढं आणखी काही दिसंल म्हणून. शंभू, चाळीस वर्षांची माझी पूजा. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

तसाच फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. तीन दिवस नुसती तगमग. चुलीपाशी असले तरी हात पदरात फोन चाचपायचा. चौथ्या दिवशी पूजेत एकदम रडू फुटलं. ते गेल्यापासून मी रडलेच नव्हते, तुला ठाऊक हाय का? तासभर रडले. तळवा भिजला. आता घर तेच हाय, पण खायला उठत न्हाय. पूजा झाली तरी उठावंसं वाटत न्हाय. लई निवांत वाटतंय.

काळजी करू नको. उत्कर्ष रोज शेजारच्या सारजाबाईंच्या फोनवर बोलतो, त्यांचा नंबर मागं लिहिलाय. एक सांगते, मनाला लावून घेऊ नको. तुझे ते जोडलेले हात बघून रोज वाटायचं, भाऊ येऊन गेला. फोन ठेवला तेव्हा ध्यानात आलं, त्यांच्या मातीनंतर तू दहा महिने उंबऱ्याला पाय लावला न्हाईस. कळंबहून तासाची तर वाट.

तुझीच,
अक्का

कळंब, दि. १८ जानेवारी २०२५

ती. अक्कास शरणार्थ.

पत्र वजनकाट्यापाशी उभ्यानं वाचलं. हमाल विचारत होता, मालक, पुढचं पोतं घेऊ का. मला ऐकूच येईना. शिवप्रियानं वाचलं आणि माझी पिशवी भरायला घेतली.

न येण्याचं कारण दुकान न्हाय, अक्का. खरं कारण लिहायला हात धजत न्हाय. गुरुवारी येतो. फोन घरीच ठेवतो. गव्हाची हुग्गी कर, गूळ सढळ हातानं टाक.

तुझा अपराधी,
शंभू

येडशी, दि. २७ जानेवारी २०२५

चि. शंभुलिंगास आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं शिवप्रियानं सारजाबाईंना कळवलं. रामलिंगाच्या देवळापाशी माकडांनी तुझी केळी पळवली, ते सांगून मी गल्लीला हसवलं.

माकडं गेल्यावर तिथं झाडाखाली तू जे सांगितलंस, त्यावर मी नुसता तुझा हात धरला. सांगायचं ते मागं राहिलं. म्हणून आता लिहिते. जायच्या आठ दिवस आधी दाजींनी तुला फोनवर एकदा येऊन जा म्हणून लिहिलं, तू अंगठ्याचं चित्र पाठवलंस आणि आला न्हाईस. हे मला पहिल्यापासून ठाऊक हाय. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला होता. हसत म्हणाले होते, की अंगठा तर पोचला, हरभरा विकला की मागनं शंभूही येईल. रागाचा लवलेश नव्हता रे. दहा महिने तू ते एकट्यानं वाहिलंस. टाक ते आता खाली.

हे मी घरी येऊन सांगणारच होते. पण तू ओसरीवर जरा आडवा झालास, तो दिवेलागणीपर्यंत झोपलास, तोंड उघडं टाकून. मी उशाशी शेंगा सोलत बसले. दुकानातून विचारणा होतेय म्हणून सारजाबाई दोनदा फोन घेऊन आल्या. मी सांगितलं, भाऊ झोपलाय माझा, कुणी उठवायचं न्हाय.

लोभ हायच. तो वाढवायला मात्र स्वतः येत जा.

तुझी,
अक्का