कॅसलरे ते क्रू, एकच तिकीट

क्रू, सोमवार

प्रिय कन्सेप्टाआत्या,

तुला मनापासून नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा. सूज उतरली का? उगाच जिने चढउतार करू नकोस. इकडे आम्ही ठणठणीत आहोत, आजोबा तर जरा जास्तच. परवा फोनवर तू 'पोचलात का?' एवढंच विचारलंस आणि मी 'हो' एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण त्या 'हो'च्या पोटात बरंच काही दडलेलं होतं. घरातली पहिली पदवीधर म्हणून ते सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं (पदवीचा आणि खरेपणाचा काय संबंध, असं तू विचारशील. मीही दोन दिवस तेच विचारतेय).

तुझ्या फिंटनकाकांचा ऐंशीवा वाढदिवस इथं क्रूला शनिवारी होता आणि त्या दिवशीच्या जेवणाआधी आजोबांना त्यांच्यासमोर उभं करायची जबाबदारी मी छातीठोकपणे घेतली होती. एकोणीस वर्षांत दोघा भावांची गाठ पडलेली नव्हती. विमानात बसव, तासाभराचं काम, असं तू म्हणालीस. मी विमानांच्या धुराबद्दल आणि पृथ्वीच्या भवितव्याबद्दल बोलले (पंधरा मिनिटं बोलले, त्याबद्दल क्षमस्व). शेवटी तू वैतागून म्हणालीस, की वेळेवर पोचवून दाखव, मी जन्मात विमानाचं नाव काढणार नाही.

माझी योजना निर्दोष होती. आपल्या कॅसलरे स्टेशनच्या खिडकीवर एकच तिकीट घ्यायचं. त्यातच डब्लिनपर्यंतची गाडी, समुद्रापलीकडे जाणारी बोट आणि तिकडच्या होलीहेड बंदरातून क्रूपर्यंतची गाडी. शिवाय आपली गाडी उशिरा पोचून बोट चुकली, तर पुढच्या बोटीत जागा देणं त्यांच्यावर बंधनकारक. मी आजोबांना हे चहाच्या दोन कपांत समजावलं. त्यांनी खिशातून म्हाताऱ्यांचा फुकट प्रवासाचा पास काढून टेबलावर ठेवला. "सरकार मला डब्लिनपर्यंत फुकट नेतं, आणि मी त्याच गाडीचे पैसे भरू? गॉलवेच्या कॉलेजात चार वर्षं हेच शिकवलं का तुला, विद्वान बाई?" तेव्हा त्यांच्यासाठी फक्त बंदरापासून पुढचं तिकीट घ्यावं लागलं. म्हणजे आम्ही दोघं एकाच बाकावर, पण नियमांच्या दृष्टीनं दोन वेगळ्या प्रवासांत.

शुक्रवारी अर्ध्या वाटेत गाडी थांबली. रुळांवर सात बैल उभे होते. आजोबांनी खिडकीतून डोकं काढून गार्डला सूचना द्यायला सुरुवात केली, मग सूचनांनी भागेना म्हणून वाढदिवसाच्या केकचा डबा माझ्या मांडीवर ठेवून ते स्वतःच उतरले. पांढऱ्या तोंडाचा बैल आधी हलवा, बाकीचे त्याच्यामागं जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. तो हलला, आणि बाकीचे दुसरीकडे गेले. पन्नास मिनिटं गेली.

बंदरावर पोचलो तेव्हा बोट समोर उभी होती, पण पायी चढणाऱ्या प्रवाशांची खिडकी बंद झालेली. आतल्या बाईंनी माझं तिकीट पाहिलं. "तू संध्याकाळच्या बोटीनं जा, काही भरायला नको. आजोबांना मात्र नवं तिकीट. त्यांचा प्रवास इथूनच सुरू होतो, आणि इथं ते उशिरा आले."

"पण आम्ही एकाच गाडीतून उतरलोय!"

"कागदावर नाही उतरलात, बाळा."

हा अन्याय होता. मी पिशवीतून छापील नियम काढले आणि कलमं वाचायला सुरुवात केली. आजोबा म्हणाले, "तू वाच, मी जरा बोट बघून येतो," आणि डबा घेऊन बाहेर गेले. मी अकराव्या कलमापर्यंत पोचले तेव्हा भोंगा वाजला, आणि मागं वळून पाहते तर आजोबा नाहीत.

आत्या, पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. त्यांचा फोन नेहमीप्रमाणे बंद (बॅटरी झिजते ना). मी स्वच्छतागृहांपासून कस्टमच्या फाटकापर्यंत सगळीकडे नावानं हाका मारत फिरले. शेवटी पिवळ्या जॅकेटातल्या एका पहारेकरीण बाईंनी विचारलं, "टोपी, हातात डबा, आणि बोलणं थांबत नाही, तेच का? ते गेले की!" आणि बोटीवर चढलेल्या लॉऱ्यांची यादी दाखवली (लॉरीच्या तिकिटात दोन चालक बसतात). मशरूमची लॉरी, चालक क्रायन. त्याखाली, दुसरा चालक: मॅलकी, वय ७८.

पुढचं मला आजोबांकडून कळलं. लॉरीवर आपल्या शेजारच्या बॅलाघडरीन गावाचं नाव दिसल्यावर त्यांनी खिडकीवर टकटक केली. "तू कुणाचा रे?" पोरगा म्हणाला, पॅट जो क्रायनचा. "मग तुझ्या आजीला मी पावसात बाजारातून घरी सोडलंय, ट्रॅक्टरवरून." एवढी ओळख पुरली. जन्मात ट्रॅक्टरपलीकडे काही न चालवलेला माणूस दुसरा चालक म्हणून समुद्र ओलांडून थेट क्रूपर्यंत गेला आणि माझं निर्दोष तिकीट माझ्यासह काठावर राहिलं.

मी संध्याकाळच्या बोटीनं, आणि होलीहेडच्या बाकावर बसून सकाळच्या पहिल्या गाडीनं पोचले. दार तुझ्या काकांनी उघडलं. आत आजोबा त्यांचा स्वेटर घालून अंडं खात बसले होते. इतक्या वर्षांनी भेटल्यावर तुम्ही काय बोललात, असं मी विचारलं. आदल्या रात्री फिंटनकाका दार उघडून म्हणाले होते, "उशीर केलास." आजोबा म्हणाले, "बैल आडवे आले." बस्स. मग दोघांनी केक कापला, वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच, मला न विचारता. (माझ्यासाठी एक तुकडा होता. कडेचा.)

जपून राहा. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
डर्व्हला

ता. क. आजोबा शनिवारच्या जेवणाआधी पोचले, तेव्हा शब्द पाळ आणि विमानाचं नाव काढू नकोस. ते कशानं पोचले हे आपलं ठरलेलं नव्हतं.

ता. क. आईला 'दुसरा चालक' हे प्रकरण कळता कामा नये.

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. गुरुवारी दुपारच्या गाडीला कॅसलरे स्टेशनवर तुझी मोटार घेऊन ये, आणि त्याआधी आजोबांच्या घरातली मागची खोली उघडून पलंगावर जाड पांघरुणं घाल. आम्ही तिघं येतोय. फिंटनकाकांनी आज सकाळी स्टेशनवर जाऊन थेट कॅसलरेपर्यंतचं एकच तिकीट काढलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, परतीचंही देऊ? ते नको म्हणाले. जून महिना आहे, पण त्यांनी बॅगेत हिवाळी कोट भरलाय आणि कुंडीतली टोमॅटोची रोपं शेजारणीला देऊन टाकली आहेत.